समास कापू नका

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणवेळेला, आमच्या आपा अज्ञात झाल्या.

कसं ते सांगते. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. त्या गावाच्या किनाऱ्यावर जिथे बोंबील सुकायचे, तिथे आता रिसॉर्ट आहे. त्याच्या जेवणघराच्या भिंतीवर आपांचं चित्र छताला टेकेल एवढं मोठं करून लावलंय. हात पुसायच्या कागदांवरही तेच चित्र छापलंय. भिंतीवर खाली पितळी पाटी : 'पारंपरिक कोळी चित्र. कलाकार अज्ञात.'

कलाकार अज्ञात नाही. कलाकार रिसॉर्टच्या कुंपणापासून तिसऱ्या घरात राहते. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला जाळ्याचा दोरा, स्वभाव भांडखोर. कुंपणावरून हाक मारली तर ऐकू जाते. शाई ओली नसेल तर ओ पण देते.

शाईचं आधी सांगायला हवं. आपांच्या घराचं दार बंद असलं की समजायचं, छपाई चालू आहे. कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "शाई ओली!" बस्स. पुढे काही नाही. मग तुम्ही कुणीही असा. मतं मागायला आलेला उमेदवार असो, कुवेतहून सुट्टीला आलेला सख्खा भाऊ असो, पायरीवर बसायचं. भाऊ एकदा बॅगा घेऊन अर्धी दुपार पायरीवर बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगत होता, "आमच्या बहिणीची शाई ओली आहे." गावातली पोरं त्यांना मागून 'ओली शाई'च म्हणायची. त्यांना ते माहीत होतं.

मी पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. मी आतल्या गावातली, भातशेतीवाल्यांची पोर. कॉलेज सुटलं आणि सुकवणीच्या जागेसाठी जी समिती उभी राहिली तिच्यात शिरले. माझं काम पत्रकं. सकाळी लिहायचं, दुपारी अलिबागला छापायचं, संध्याकाळी बाजारात वाटायचं. कुणीतरी म्हणालं, पत्रकावर चित्र असलं की लोक फेकत नाहीत. म्हणून आपांच्या पायरीवर जाऊन बसले.

दार उघडलं. आपांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं. वाचतील म्हणून मी उभी. त्यांनी पत्रकाचा कोपरा जिभेला लावला, चघळल्यासारखं केलं आणि अंगणात थुंकल्या.

"खळच नाही ह्याला," म्हणाल्या. "पाणी पडलं की लगदा. चार दिवस तरी टिकेल का गो हे?"

"आपा, चार दिवस टिकायला नाही छापलेलं. आज वाचायला छापलंय."

"मग आज ओरडून सांगायचं. कागद कशाला नासलास?"

तेव्हापासून मी 'पत्रकवाली'. नाव त्यांना माहीत होतं. कधी घेतलं नाही.

सगळा कागद त्या जिभेने तपासायच्या. शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका, विजेचं बिल. खळ बरोबर असेल तर मान हलवायच्या. एकदा भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका चाटून म्हणाल्या, "मुलगा बरा दिसतोय." आम्हाला हसू आवरेना, आणि त्या मात्र गंभीर.

आपांच्या आजोबांचं गलबत होतं. मीठ, कौलं, नारळ घेऊन मुंबईला जायचं. ते गलबत मोडलं तेव्हा त्याच्या सागवानी फळ्या घरात आल्या. काहींचे दरवाजे झाले, काहींचे पाट. एक जाड, रुंद फळी उरली. तिच्यात दोन भोकं होती, गलबताचे खिळे जिथे ठोकलेले तिथे, आरपार. आपा मुंबईच्या कलाशाळेत छापचित्र शिकायला गेल्या तेव्हा ती फळी त्यांनी मांडव्याहून लाँचमध्ये घालून नेली. उतारू म्हणाले असतील, पोरगी घर बांधायला निघाली.

आयुष्यभर त्या एकाच फळीवर त्यांनी काम केलं. हे वाचून तुम्हाला वाटेल अतिशयोक्ती. नाही. पद्धत अशी : पटाशीने फळी कोरायची. जे कोरलं ते पांढरं राहतं, जे राखलं ते काळं उमटतं. वर शाई फिरवायची, कागद घालायचा आणि पाठीमागून घासायचं. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. नारळाची करवंटी घासून घासून आरशासारखी केलेली, तिने कागद रगडायचा. एक प्रत काढायला चहा निवेल एवढा वेळ. ठरवलेल्या प्रती झाल्या की चित्र संपलं. पुन्हा छापायचं नाही, हा ह्या धंद्यातला जुना नियम आहे. घेणाऱ्याला शब्द दिलेला असतो की ह्याहून जास्त प्रती निघणार नाहीत. म्हणून छापणारे शेवटी कोरीव फळीवर आडवीतिडवी फुली मारतात आणि फळी ठेवून देतात.

आपांना फुली मंजूर नव्हती. "आज्याच्या लाकडावर फुली मारू? आणि मग ठेवून काय करू, पूजा?" त्या रंधा घ्यायच्या आणि सगळं चित्र खरवडून काढायच्या. फळी पुन्हा कोरी. थोडी पातळ. तिच्यावर पुढचं चित्र. सालपं न्हाणीघरातल्या चुलीत.

"एक अख्खं चित्र," त्या सांगायच्या, "आणि एक बादली गरम पाणी. चित्रानं आणखी काय द्यायचं?"

चित्रं रंध्याखाली जायची, पण भोकं जायची नाहीत. ती आरपार होती. त्यामुळे त्यांनी तरुणपणी काढलेलं चित्र घ्या नाहीतर आत्ताचं घ्या, दोन पांढरे ठिपके ठरल्या जागीच. कधी एका ठिपक्याचा माशाचा डोळा व्हायचा, कधी दिव्याची ज्योत, कधी काहीच नाही, नुसतं भोक. "जे आहे ते आहे," म्हणायच्या. "लपवायला मी काय चोरी केली?"

मुंबईत त्यांचं एक प्रदर्शन लागलं होतं, मी जन्मायच्याही आधी. दालनाचा मालक म्हणाला, बाई, फार सुंदर, फक्त हे दोन डाग तेवढे ब्रशने भरून द्या, गिऱ्हाईक विचारतं. आपांनी सगळी चित्रं खिळ्यावरून उतरवली, चादरीत गुंडाळली आणि लाँच धरली. मध्ये वारा सुटला, चादर सैल झाली, एक चित्र उडालं ते थेट पाण्यात.

"माझं मुंबईत खपलेलं एकमेव चित्र," आपा सांगायच्या. "गिऱ्हाईक समुद्र. डागांबद्दल एक शब्द बोलला नाही."

त्यानंतर मुंबई नाही. अलिबागच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. तिथे मुलांना बटाटे अर्धे कापून त्यांचे ठसे करायला लावले. मुलांनी वर्ग छापला, जिना छापला, शेवटी हेडमास्तरांचा टांगलेला कोट छापला. नोकरी तिथेच संपली. मग पोट भरायला पुस्तकबांधणी. शेजारणीच्या जीर्ण पोथ्या, मदरशातल्या पोरांची अरबीची पुस्तकं, होडीचे कागद, जे येईल ते. जाळी शिवायच्या दोऱ्याने शिवायच्या. त्यांनी बांधलेलं पुस्तक उघडून ठेवलं की उघडंच राहतं. "हात सोडता आला पाहिजे," म्हणायच्या. "पुस्तक आपल्याशी झटायला लागलं तर वाचणार कधी?" आमच्या समितीची सगळी निवेदनं त्यांनी एकत्र शिवून दिली. त्या लढ्यातली तीच एक गोष्ट धड उभी राहिली.

तर, पत्रकाचं चित्र.

आपा 'हो' म्हणाल्या. मी खूश. आठवड्यात सुनावणी होती. आपा सुकवणीच्या जागेवर जाऊन बसायला लागल्या. तिथे बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यांना वलांडी म्हणतात. तोंडात तोंड अडकवून बोंबील त्यांच्यावर टांगतात. आपा नुसत्या बघत बसायच्या. पहिला आठवडा बघण्यात गेला. सुनावणी झाली. दुसऱ्या सुनावणीलाही फळी कोरीच. मी दारात उभी राहून भांडले.

"आपा, तिकडे जागा जातेय! तुम्ही अजून बोंबील मोजताय?"

"बोंबील नाही. हिराबायचा हात बघत्ये. टांगताना मनगट कुठे वळतं ते सापडत नाही."

"मनगट सापडेपर्यंत भिंत उभी राहील तिथे."

"मग भिंतीवर लाव चित्र," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

तीन महिन्यांनी प्रती निघाल्या. तोवर निकाल लागला होता. जागेतला खाडीकडचा चिंचोळा पट्टा बायकांना राहिला, बाकीची रिसॉर्टला गेली. मी त्या दिवशी आपांकडे गेले ती केवळ कुणाशीतरी कडकडून भांडायला मिळावं म्हणून. दार उघडं. घरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर ओली चित्रं. घर पुरलं नाही म्हणून उरलेली बाहेर वलांडीवरच, बोंबलांच्या शेजारी, चिमटे लावून. बायका कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आपा, तुजं कागदाचं बोंबील सुकलं का गो?"

"वास घे बघू, आंबलं न्हाय ना?"

चित्रात तीन बाया. दोन पाठमोऱ्या, एक वळलेली, हात वर, मनगट वाकडं. मागे वलांडी आणि बोंबलांच्या रांगाच रांगा. एक भोक आभाळात. दुसरं तिसऱ्या बाईच्या खांद्यावर, लुगड्याला भोक पडावं तसं. भांडायचं राहूनच गेलं. मी पत्रकात चार पानं लिहून जे सांगू शकले नव्हते ते तिथे होतं. हे लिहायला मला आजही त्रास होतो, कारण उशीर झाला होता आणि चित्र बरोबर होतं, दोन्ही खरं आहे.

हिराबाय म्हणजे गावातली सगळ्यात जुनी सुकवणारीण, समितीतला सगळ्यात मोठा आवाज. ती पुढे होऊन स्वतःला शोधत होती.

"ही मी हाय?"

"तूच."

"माजी कंबर येवढी रुंद हाय?"

"मी कमीच केल्ये," आपा म्हणाल्या. "फळी संपली असती."

चाळीस प्रती. एकही विकली नाही. सुकवणाऱ्या प्रत्येक घराला एक, काहींना दोन. देण्याआधी आपांनी प्रत्येकीखाली, चित्राच्या बाहेर, पांढऱ्या समासात पेन्सिलने प्रतीचा आकडा आणि आपलं नाव लिहिलं. मी विचारलं, पेन्सिल का? पुसलं जाईल ना.

"शाई कुणीही छापतो. पेन्सिल हातालाच धरावी लागते." मग बायकांकडे वळून शाळेतल्यासारखा आवाज काढला, "ऐका गो सगळ्यांनी. समास कापू नका. काय?"

"न्हाय कापत, आपा."

स्वतःसाठी त्यांनी प्रत ठेवली नाही. कधीच ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी रंधा मारला. न्हाणीघरात पाणी तापलं.

आता गेल्या वर्षाची दुपार. हिराबाय रिसॉर्टच्या मुदपाकखान्यात खाडीतले मासे देऊन आली ती थेट आमच्याकडे. मी आपांच्या पायरीवर बसलेले, दार बंद. हिराबायने कमरेच्या पिशवीतून चुरगळलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर पसरला.

"बघ. माज्या कंबरेला लोक हात पुसतान."

मी बंद दारावर मूठ आपटली. "आपा, दार उघडा!"

"शाई ओली!"

"आपा, तुमचं चित्र चोरलंय!"

आत करवंटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. शाई ओली असताना ते दार उघडलेलं मी त्या एकदाच पाहिलं. त्यांच्या बोटांना शाई होती म्हणून कागद मी धरला. त्यांनी चष्मा वर केला, कागदाजवळ नाक नेलं. मला वाटलं चाटतील. चाटला नाही.

"भोकं कुठायत?" म्हणाल्या.

आम्ही तिघी तशाच गेलो. फाटकावरच्या पोऱ्याने हिराबायला ओळखलं आणि मासेवाल्यांचं दार मागे आहे म्हणाला. हिराबाय म्हणाली, "आज मासं न्हाय, मानसं आनलीत," आणि सरळ आत. जेवणघर भरलेलं. भिंतीवर ते चित्र. एवढं मोठं की हिराबायचं मनगट माझ्या उंचीचं.

मॅनेजर तरुण होता, माझ्याच वयाचा, वागायला वाईट नाही. पाणी मागवलं.

"मॅडम, देखो, मला तुमची फीलिंग समजते. पण हे ट्रॅडिशनल आहे. ट्रॅडिशनलला ओनर कुठे असतो?"

"ओनर ही काय तुमच्यासमोर उभी आहे," मी म्हणाले.

"डिझायनरने गावातूनच घेतलं. कुणाच्या तरी घरात भिंतीवर होतं. त्यावर नाव वगैरे काही नव्हतं."

हिराबायचा चेहरा उतरला. डिझायनर तिच्याच घरी आला होता. रिसॉर्टच्या सजावटीसाठी जुन्या होड्यांचे तुकडे शोधत गावात फिरत होता. तिने त्याला चहा पाजला, त्याने भिंतीचा फोटो काढला. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पाहुण्याने घर चांगलं आहे म्हटलं, ती हसली.

आपा ह्यातलं काही ऐकत नव्हत्या. त्या भिंतीला लागून उभ्या होत्या आणि हिराबायच्या चित्रातल्या खांद्यावरून तळहात फिरवत होत्या, अंधारात बटण शोधावं तशा. बोटांची शाई भिंतीला लागत होती. एक वेटर पुढे झाला. मॅनेजरने त्याला खुणेने थांबवलं, त्याबद्दल त्याचे आभार.

"इथे एक भोक होतं," आपा म्हणाल्या. "आणि वर आभाळात एक."

"कसली भोकं, मॅडम?"

"माझ्या आज्याच्या गलबताची."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अच्छा, ते स्पॉट्स. ते डिझायनरने कॉम्प्युटरवर क्लीन केले असतील. फाइलमध्ये डिफेक्ट नको म्हणून."

आपा खाली वाकल्या. पाटी वाचली. दोनदा वाचली. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. त्या खिडकीतून त्यांच्या घराची कौलं दिसतात.

"नाव लिहायला पाहिजे असं मी म्हणत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "नाव नाही कळलं, नका लिहू. पण अज्ञात का लिहिलंत? मी काय मेली हाय? ते काय, तिथे माझं घर. विचारायचंत."

मॅनेजरने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. 'मी वर कळवतो' म्हणाला. वरून उत्तर आलं, वकिलामार्फत आणि नम्र भाषेत : चित्र तुमचं असल्याचं सिद्ध करा, पाटी बदलू.

तुम्हाला वाटतं सोपं आहे. मलाही वाटलं. आमच्यासाठी अलिबागची एक वकीलबाई फुकट लढते. ती म्हणाली, ज्यावरून छापलं ती फळी आण, नाहीतर सहीची मूळ प्रत आण. दोन्हीपैकी एक पुरे. नुसती साक्ष नको, सही नसलेली प्रतही नको, ती मागाहून छापली म्हणतील.

फळीवरचं चित्र तर अंघोळीला गेलं होतं.

"कशाला रंधलीत?" मी ओरडले. आपांवर ओरडायची हिंमत तोवर मला झाली नव्हती. "एक फुली मारून ठेवली असती तर आज त्यांच्या टेबलावर आपटली असती!"

"लोकांना शब्द दिलेला. चाळीस म्हणजे चाळीस."

"त्यांनी हजारो छापल्या आपा, हात पुसायला!"

"त्यांनी. मी न्हाय."

भोकं सांगून पाहिली. फळीत अजून आहेत, ती आणते म्हटलं. वकीलबाई म्हणाली, रिसॉर्टच्या चित्रात भोकंच नाहीत, मग जुळवणार कशाशी? म्हणजे पाहा. डाग म्हणून जे पुसलं तेच आमच्या बाजूने बोललं असतं.

मग प्रती. मी आणि हिराबाय घरोघर निघालो. पहिल्या घरात चित्र देवघराशेजारी, चकचकीत सोनेरी फ्रेममध्ये. समास नाही. दुसऱ्या घरात तीच फ्रेम, समास नाही. तिसऱ्या घरात दारावर खळीने चिकटवलेलं, कडा दाराच्या मापाने कापलेल्या. चौथ्यात पुन्हा सोनेरी फ्रेम. बहुतेक जणींनी फ्रेम एकाच माणसाकडून करून घेतली होती. बाजारात त्याचं दुकान आहे. त्याच्याकडे तयार फ्रेमा मिळतात, त्या दोनच मापांच्या : देवाचा फोटो आणि लग्नाचा फोटो. आपांचं चित्र दोन्हींत बसत नव्हतं.

त्याला जाऊन विचारलं. त्याला आनंदच झाला.

"अहो ताई, कागद चांगला होता, पण खाली कुणीतरी पेन्सिलीने खरडून ठेवलेलं. सगळ्यांवर! पोरांचं काम. मी साफ करून दिलं. त्याचं वेगळं काही घेतलं नाही."

मी त्याच्यावर चिडायला गेले होते. चिडू शकले नाही. दुकानाबाहेर येऊन गटाराच्या कठड्यावर बसले. हिराबाय शेजारी बसली. ती म्हणाली, "आपानं सांगितलेलं गो. आमी मान हालवली. तिला चित्र म्हनजे कागद, आमाला चित्र म्हनजे चित्र." एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले आणि पुढच्या घराकडे निघाली.

थकवा काय असतो ते मला तिथे कळलं. मोर्चात पाय दुखतात, तो थकवा नव्हे. ज्याच्याविरुद्ध ओरडायचं असा एकही माणूस धड वाईट सापडत नाही, आणि तरी अन्याय भिंतीएवढा उभा असतो, तो थकवा. मॅनेजर साधा, फ्रेमवाला भला, हिराबायने चहा पाजला, आपांनी शब्द पाळला. आणि पाटी तशीच.

पण म्हणून कुणी म्हणू नये की दोष कुणाचाच नाही. ज्याला फोटो काढता आला त्याला विचारताही आलं असतं. ज्याला भोकं दिसली त्याला, ती कसली, हा प्रश्नही पडायला हवा होता. आणि ज्यांनी 'अज्ञात' हा शब्द पितळेत कोरून घेतला, त्यांनी तो कोरायच्या आधी खिडकीतून एकदा बाहेर बघायला हवं होतं. ह्यातलं काहीही अवघड नव्हतं. गरीब बाईने केलेली वस्तू आपोआप उगवते, तिला करणारा नसतो, असं मानणं सोयीचं असतं, म्हणून मानलं गेलं. मी ह्याला चोरीच म्हणते.

मी आता पनवेलला असते. न्हावा शेव्याच्या बाजूला गोदामांतून काम करणाऱ्या पोरांसाठी पत्रकं लिहिते. चाटून बघते आधी. खळ नसतेच. सुट्टीला आपांकडे जाते.

मागच्या खेपेला गेले तर फळी खिडकीत उभी ठेवलेली. इतकी पातळ झालीय की उन्हात धरली तर कडा तांबूस दिसते. आणखी एक चित्र तिच्यावर होईल. फार तर एक. भोकांमधून उजेडाचे दोन ठिपके जमिनीवर पडले होते. आपा शेजारी बसून जुनं पुस्तक उसवत होत्या.

"कोरायला कधी घेणार?" मी विचारलं.

"कोरीन. आणि मग कुणीतरी साफ करील."

"आपा, असं नका बोलू."

"पत्रकवाली, मला एक सांग. हिराबायचं ते मनगट मी कसं कोरलं होतं? मला आठवत न्हाय. घरोघरच्या प्रती काचेत बंद आहेत, धुराने काळ्या झाल्यात. भिंतीवरच्यात तर मोठं करून मनगटाचं नुसतं रबर केलंय त्यांनी. एकदा बघायला मिळालं पाहिजे, मी केलं तसं. मग घेईन पटाशी हातात."

त्यांनी दोरा ओढला, दाताने तोडला.

आता तुमच्याशी बोलते. होय, वाचणाऱ्याशीच.

चाळीसातल्या बहुतेक प्रती आम्हाला सापडल्या, समास कापलेल्या. काही सापडल्या नाहीत. त्या गावात नाहीत. सुकवणाऱ्या बायकांची मुंबई-पुण्याची ठरलेली गिऱ्हाइकं असतात, शनिवार-रविवारी मांडव्याला उतरून येणारी, सुके बोंबील बांधून नेणारी. ज्यांना दोन प्रती मिळाल्या त्यांनी एक अशा गिऱ्हाइकाला प्रेमाने दिली, बोंबलांच्याच पिशवीत घालून. नावं त्यांना आठवत नाहीत. "ती चष्मेवाली", "तो उंच सायेब". ती चष्मेवाली तुम्ही असाल. तो उंच साहेब तुमच्या घरात असेल.

वलांडीवर वाळलेल्या त्या कागदाला बोंबलाचा वास होता. तुम्ही तो भिंतीवर लावला नसणार. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला असणार. म्हणजेच तो फ्रेमवाल्याकडे गेला नसणार. माझी सगळी आशा तुमच्या नाकावर आहे.

तीन बाया, वाकडं मनगट, दोन पांढरी भोकं. खाली समासात पेन्सिलने नाव. ते नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. आपांनी सांगितलंय, छापलेलं नाव कुणाचंही असतं. शिवाय मी लिहिलं तर उद्या कुणीही ते खरडून आणील. खरं नाव तुम्हाला समासातच वाचायला मिळेल.

फोटो पाठवू नका. फोटो साफ करता येतो. चित्र घेऊन या. कुंपणापासून तिसरं घर. दार बंद असेल का म्हणून घाबरू नका. नारळी पौर्णिमेनंतर आपांनी शाई काढलेली नाही. दार दिवसभर उघडंच असतं. गावातली पोरं त्यांना आता 'ओली शाई' म्हणत नाहीत. नुसतं आपा म्हणतात, आदराने. मला ते ऐकवत नाही.

माळ्यावर चढा. आज चढा. आणि मिळालं तर, हात जोडून सांगते, समास कापू नका.